मका न पेरता मक्याचे अनुदान कसे?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका ग्रामीण काउंटीत राहतो. तेथील एका शेतकऱ्याने मक्याच्या शेतात सोयाबीन पेरले, तरी त्याला मक्याचे सरकारी अनुदान मिळाले. हे नियमाला धरून आहे का?

उत्तर : होय. 2014 च्या शेती कायद्याने भाव काहीही असले तरी दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याची पद्धत बंद केली; मात्र नवे साहाय्यही चालू पेऱ्यावर नव्हे, तर जुन्या पेऱ्यावरून त्या शेताच्या नावे नोंदलेल्या पीकक्षेत्राच्या साधारण 85 टक्क्यांवर मोजले जाते. बाजारभाव कायद्यातील संदर्भ भावाखाली गेल्यास फरक घ्यायचा, की काउंटीचे पिकापासूनचे सरासरी एकरी उत्पन्न मागील वर्षांच्या मानाने बरेच घटल्यास भरपाई घ्यायची, हे शेतकरी निवडतो. दुसऱ्या पर्यायात एकट्याचे शेत गारपिटीने झोडपले गेले तरी, काउंटीची सरासरी टिकल्यास, काहीच मिळत नाही. त्यासाठी पीकविमा असतो आणि त्याच्या हप्त्याचा मोठा भाग सरकार भरते. अर्ज काउंटीतील कृषी खात्याच्या कार्यालयात होतो, जिथे शेतकऱ्यांनीच निवडलेली समिती काम पाहते.

माझा आक्षेप वेगळाच आहे. रोख खंडाने जमीन कसणाऱ्याला हे पैसे मिळत असले, तरी नोंद जमिनीलाच जोडलेली असल्याने मालक खंड वाढवून त्यातला वाटा काढून घेऊ शकतो, आणि स्वतःची जमीन नसलेल्या तरुण शेतकऱ्याला ही व्यवस्था न्याय देत नाही.