शाळा सुटताना फाटकापाशी उभी राहा

नौपाडा, ठाणे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चौथीत खिडकीजवळच्या बाकावर बसायचीस, पाढे म्हणताना डोळे मिटून घ्यायचीस, आणि आता तुझी लेक पहिलीत जाणार म्हणतेस. बरं वाटलं. ‘दोन्हीकडे फॉर्म भरलेत, बाई, आता तुम्हीच सांगा’ असं लिहिलंस, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तू लिहिलेलं मला समजलं ते असं. एक शाळा कासारवडवलीत, तुमच्या सोसायटीपासून चालत दहा मिनिटांवर. सीबीएसई, आठ-नऊ वर्षांपूर्वी सुरू झालेली, फी वर्षाला १ लाख २० हजार. दुसरी इकडे ठाणे स्टेशनच्या बाजूची, जुनी, नावाजलेली, इंग्रजी माध्यम, स्टेट बोर्ड. फी ६० हजार, बसचे महिन्याला ३ हजार वेगळे. तुझ्या मिस्टरांना जुनी हवी आहे, तुला जवळची. आणि दोघांचीही खात्री की बाई जुनीचंच नाव घेणार.

मी आयुष्यभर जुन्या शाळेत शिकवलं, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण आधी एक काम कर. एक कोरा कागद घे आणि त्यावर तुझ्या मुलीचा एक साधा मंगळवार लिहून काढ. दोन्ही शाळांसाठी वेगवेगळा. सण नाही, गॅदरिंग नाही, परीक्षा नाही, असा मंगळवार. ती उठते कधी, निघते कधी, डबा कुठे खाते, घरी किती वाजता येते, आल्यावर खेळायला उजेड उरतो का, झोपते कधी. सगळं घड्याळाच्या आकड्यांत लिही.

जुन्या शाळेत प्राथमिकचे वर्ग दुपारच्या पाळीत भरतात असं तू लिहिलंस, साडेबारा ते साडेपाच. म्हणजे साडेअकराला बस. संध्याकाळी पावणेसहाला बस सुटणार ती माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा करत घोडबंदर रोडवर. त्या वेळी त्या रस्त्यावर काय असतं ते तू रोज बघतेस. गुजरातहून जेएनपीटी बंदराकडे जाणारे ट्रेलर, मेट्रोचे खांब, आणि गायमुख घाटात एखादा ट्रक बंद पडला की मागे पार लांबवर रांग. सात वाजता पोर घरी. थंडीत सहाला दिवस मावळतो. सकाळी तिला मोकळा वेळ मिळेल हे खरं, पण सकाळी आठला तुम्ही दोघंही कामावर निघालेले असता. मेट्रो सुरू झाली की प्रश्न सुटेल असं तुझे मिस्टर म्हणतात. पण सहा वर्षांची मुलगी काही एकटी मेट्रोने जाणार नाही.

आता हिशोब बघ. रोजचे दोन तास बसमध्ये धरले, वर्षाचे २०० दिवस धरले, तर ४०० तास झाले. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. म्हणजे कायद्याने जितकं शिकवायला सांगितलंय त्याच्या निम्मा वेळ ती बसच्या सीटवर बसणार. हा आकडा मी पहिल्यांदा मांडला तेव्हा मलाच धक्का बसला होता. जवळच्या शाळेतून तुझ्या सासूबाई तिला हाताला धरून चालत आणू शकतात. ताप आला म्हणून फोन आला तर पंधरा मिनिटांत पोचू शकतात. धाकट्याचं पुढे हेच होणार आहे, तेही धरून चाल.

पण अंतरावरून लगेच निर्णय करू नकोस. माझ्या मते याहून मोठी एक गोष्ट आहे, ती कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते.

निवृत्त झाल्यावर मी तीन वर्षं एका खासगी इंग्रजी शाळेत प्राथमिक विभाग सांभाळायला जात होते. शाळेचं नाव घेत नाही. इमारत सुंदर, वर्गात स्मार्ट बोर्ड, खाली मुलांसाठी छोटा पोहण्याचा तलाव. पण शिक्षिकांच्या नेमणुका अकरा महिन्यांच्या. मे महिन्याचा पगार नाही. मुली हुशार होत्या, मनापासून शिकवायच्या, आणि दिवाळीनंतर कुठे दोन हजार जास्त मिळाले की निघून जायच्या. त्यांना दोष कसा देणार? दुसरीच्या एका वर्गाला एका वर्षात तीन वर्गशिक्षिका झाल्या. तिसऱ्या बाई जानेवारीत आल्या त्या दिवशी मी त्यांना वर्गात सोडायला गेले. मुलं उभी राहिली, ‘गुड मॉर्निंग’ झालं. पहिल्या बाकावरच्या एका मुलाने माझ्या साडीचा पदर धरला आणि हळूच विचारलं, ‘या राहणार आहेत का?’ त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर ‘क्लास टीचर’पुढे दोन नावं खोडलेली होती. तिसरं लिहायला जागा नव्हती. त्याने ते बाजूला, मार्जिनमध्ये लिहिलं.

मी व्यवस्थापनाकडे दोनदा लेखी दिलं की बायकांना बारा महिन्यांचा पगार द्या. झालं काही नाही. शेवटी मी सोडलं. त्या मुलाचं वाईट आजही वाटतं.

म्हणून दोन्ही शाळांत जाशील तेव्हा मुख्याध्यापकांना सरळ विचार की पहिली ते चौथीच्या वर्गशिक्षिका किती वर्षं इथे आहेत. उत्तर गोल गोल आलं, ‘आमची टीम फार डायनॅमिक आहे’ वगैरे, तर समजून घे. मग बाहेर दुसरी-तिसरीतल्या मुलांच्या आयांना विचार की मागच्या वर्षभरात बाई बदलल्या का. आयांना सगळं ठाऊक असतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला वाचता येणं हे पुस्तकापेक्षा त्या एका बाईवर जास्त अवलंबून असतं. कोणतं मूल ‘ब’ आणि ‘व’मध्ये अडखळतं, कोणाला फळा दिसत नाही पण सांगत नाही, कोण डबा उघडतच नाही, हे कळायला बाईला काही महिने लागतात. दर चार महिन्यांनी बाई बदलली की प्रत्येक नवीन बाई ते पुन्हा पहिल्यापासून शिकते.

वर्गात मुलं किती तेही बघ. कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. जुन्या नावाजलेल्या शाळांत वर्ग भरगच्च असतात, बाकावर तिघं बसतात. आपल्या वेळीही बसायचे म्हणशील, पण तेव्हा आठवड्याला इतक्या वर्कशीट तपासायच्या नसायच्या.

आता कागदपत्रांचं. हे तुझ्या मिस्टरांकडे सोपव, त्यांना जमेल. प्रत्येक शाळेला यूडायस म्हणजे सरकारी नोंदीतला ११ अंकी क्रमांक असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. तो मागून घ्या. सीबीएसईची संलग्नता कोणत्या इयत्तेपर्यंत आणि कोणत्या सालापर्यंत आहे ते मंडळाच्या संकेतस्थळावर बघता येतं. शाळा फलकावर काहीही लिहो, तिथलं खरं. ठाणे महापालिका अनधिकृत शाळांची यादी जाहीर करते, तीही एकदा नजरेखालून घाला. दहावीची किती मुलं आजवर बाहेर पडली हेही विचारा. नऊ वर्षांच्या शाळेतून कदाचित एकही बॅच बाहेर पडलेली नसेल. हा काही गुन्हा नाही, पण माहीत असावं.

फीचं गणित मी करून ठेवलं आहे. दरवर्षी १० टक्के वाढ धरली तर जवळच्या शाळेची आजची १ लाख २० हजार फी दहावीत २ लाख ८३ हजारांच्या आसपास जाते, आणि पहिली ते दहावी मिळून एका मुलीचे १९ लाख होतात. जुन्या शाळेचे फी आणि बस धरून आज ९६ हजार. त्याच दराने दहा वर्षांत १५ लाख ३० हजार. म्हणजे फरक तुला वाटत होता तसा दुप्पट उरत नाही. बसने तो खाऊन टाकला. मात्र तुम्हाला दोन मुलं आहेत, गृहकर्जही आहे. नववीत फी झेपत नाही म्हणून मुलाला काढावं लागणं फार वाईट. ते मी पाहिलेलं आहे. त्यामुळे आजची फी परवडते का हा प्रश्न बाजूला ठेव आणि आठ वर्षांनंतरची परवडेल का ते दोघं बसून ठरवा.

फी मनाला येईल तशी वाढवता येत नाही हेही लक्षात ठेव. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क नियमन कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर फीचा प्रस्ताव यावा लागतो आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं लागू राहते. शाळेत गेलीस की विचार, ही समिती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, तिच्या सदस्यांची यादी फलकावर लावली आहे का. डोनेशन कोणी मागितलं तर देऊ नकोस, त्यालाही कायद्याने बंदी आहे. आणि मुलीची किंवा तुमची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये मना आहे. ‘इंटरॅक्शन’ म्हणून बोलावलं तर जा, पण तिला आठवडाभर उत्तरं पाठ करायला लावू नकोस. मी त्या खासगी शाळेत अशा मुलाखतीला बसलेय. चार वर्षांची पोरं आईच्या ओढणीत तोंड लपवायची आणि आया रंगांची नावं कानात सांगायच्या. मला ते बघवत नसे.

बोर्डाबद्दल तू दीड पान लिहिलंस, मी चार ओळी लिहिते. नीट-जेईईचा विचार पहिलीत करू नकोस. अकरावीला बहुतेक मुलं ज्युनिअर कॉलेजात जातात आणि तिथून तो अभ्यास सुरू होतो. ज्याला आठवीपर्यंत नीट वाचता, लिहिता आणि अपूर्णांक करता येतात, तो कुठल्याही बोर्डातून सावरतो.

मराठीचं मात्र आग्रहाने बघ. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. तास वेळापत्रकात असतोच, पण तो कोण घेतं? मराठी शिकलेली बाई की ज्या कोणाला तास मोकळा आहे ती? जवळच्या शाळेत तिसरीतल्या कुणाच्या तरी मराठीच्या वह्या मागून बघ. नुसती फळ्यावरून उतरवलेली उत्तरं आहेत, की मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेली चार वाक्यं आहेत, चुकांसकट? चुका असल्या तर मला आनंदच होईल. तुझ्या मुलीला तिच्या आजीला पत्र लिहिता यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट विचारायला लाजू नकोस. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला, ते आपल्याच जिल्ह्यात घडलं. लहान मुलींना स्वच्छतागृहात कोण घेऊन जातं, त्या मावशी कायम आहेत की कंत्राटी, कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी झाली आहे का, मुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आहे का, बसमध्ये बाई मदतनीस शेवटच्या मुलापर्यंत थांबते का. ज्या शाळेला हे प्रश्न आवडत नाहीत, तिथे मूल घालू नकोस. याबाबत माझं दुसरं मत नाही.

तर माझं मत. जवळच्या शाळेतल्या खालच्या वर्गांच्या बाई निदान तीन-चार वर्षं टिकलेल्या असतील, तर मी डोळे मिटून जवळची घेईन. नाव जुनीचं मोठं असलं तरी. टिकलेल्या नसतील, तर जुनी घ्या, पण मग बसचे ते दोन तास गृहीत धरू नका. स्टेशनच्या बाजूला, पाचपाखाडीत किंवा नौपाड्यात, चार-पाच वर्षं भाड्याने राहता येईल का याचा विचार करा. भाडं जास्त पडेल, खोल्या लहान पडतील, तुझ्या सासूबाईंनाही विचारावं लागेल. तरीही विचार करा.

ठरवण्याआधी दोन्ही शाळा सुटताना फाटकापाशी अर्धा तास उभी राहा. ओपन हाऊसच्या दिवशी जाऊ नकोस, आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी जा. मुलं बाहेर कशी येतात ते बघ. धावत, बडबडत येतात, की रांगेत मान खाली घालून? वॉचमन त्यांना नावाने हाक मारतो का? बाई फाटकापर्यंत येतात का, आणि एखादं मूल उशिरापर्यंत थांबलं तर त्याच्याजवळ कोण उभं असतं?

जवळच्या शाळेला तुला सोबत हवी असेल तर मी येते. गुरुवारी मला मोकळीक आहे. टीएमटीच्या बसने मानपाड्यापर्यंत येईन, तिथून तू मला घे. येताना लेकीलाही आण, तिच्या वह्या आण, आणि दुपारी तिला झोपवून आण म्हणजे कंटाळायची नाही.

सासूबाईंना नमस्कार सांग. धाकट्याला पापा.

तुझ्या बाई