वाचकांचे प्रश्न : औषधाच्या चिठ्ठीतील लॅटिन विभक्ती

प्रश्न : मी बेळगावात डी. फार्म.च्या पहिल्या वर्षाला आहे. शालेय शिक्षण मराठीतून झाले, कन्नड बोलता येते. चिठ्ठीवरील ‘पी.सी.’, ‘एच.एस.’, ‘बी.आय.डी.’ ही अक्षरे आम्ही पाठ केली आहेत. परंतु ‘किबुस’ म्हणजे अन्न, तर ‘जेवणानंतर’ या अर्थी ‘पोस्ट किबुम’ का म्हणतात, आणि ‘केस’ व ‘डिक्लेन्शन’ यांत फरक काय, हे उलगडत नाही. डिक्लेन्शनचे पाचही तक्ते पाठ करावेच लागतील का?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : तुमच्या प्रश्नातच ‘जेवणानंतर’ हा शब्द आला आहे, तिथूनच सुरुवात करू. ‘जेवण’ या नामाला ‘नंतर’ जोडताना आपण त्याचे ‘जेवणा’ करतो, आणि ते का करतो हे मराठी घरात वाढलेल्या कोणालाही विचारावेसे वाटत नाही. लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘आंते’ म्हणजे आधी. हे शब्द नामाच्या आधी येतात आणि त्या नामाची द्वितीया मागतात. म्हणून ‘किबुस’चे ‘किबुम’ होते. (दुकानात तुम्हांला ‘सिबम’ असा इंग्रजी वळणाचा उच्चार ऐकू येईल, शब्द तोच.) मराठीत मात्र ‘नंतर’, ‘आधी’, ‘बरोबर’, ‘शिवाय’ या सर्वांना एकच सामान्यरूप पुरते, तर लॅटिनमध्ये बहुतेक प्रत्येक अव्ययाची विभक्ती ठरलेली असते : ‘पोस्ट’, ‘आंते’, ‘पेर’ (वाटे) यांना द्वितीया लागते, तर ‘कुम’ (सह), ‘सिने’ (विना), ‘एक्स’ (मधून) यांना ॲब्लेटिव्ह (आपल्या पंचमीसारखी, पण तृतीया-सप्तमीची कामेही करणारी विभक्ती).

केस म्हणजे विभक्ती, म्हणजे त्या वाक्यात नामाचे काम काय ते. डिक्लेन्शन म्हणजे नामाचा गट, म्हणजे ते काम दाखवताना नाम कोणते प्रत्यय घेणार ते. विभक्ती वाक्यागणिक बदलते; गट त्या शब्दाला कायमचा चिकटलेला असतो. असे पाच गट आहेत, आणि नाम कोणत्या गटातील आहे हे प्रथमेवरून नव्हे, तर षष्ठीच्या एकवचनावरून ठरते. म्हणूनच लॅटिन शब्दकोशात प्रत्येक नामाची दोन रूपे दिलेली असतात, आणि विद्यार्थी नेमके दुसरे रूप गाळून पाठ करतात. माझ्या मते निम्मा गोंधळ तिथेच होतो.

‘-उस’ने संपणारे तीन शब्द घ्या. ‘किबुस’ची षष्ठी ‘किबी’, म्हणून तो दुसऱ्या गटातील, ‘मानुस’ म्हणजे हात, त्याची षष्ठीही ‘मानूस’च, फक्त शेवटचा स्वर दीर्घ, म्हणून तो चौथ्या गटातील, ‘कॉर्पुस’ म्हणजे शरीर, त्याची षष्ठी ‘कॉर्पोरिस’, म्हणून तो तिसऱ्या गटातील. पहिल्या गटाची षष्ठी ‘-आए’ (आक्वा, आक्वाए : पाणी) आणि पाचव्याची ‘-एई’ (दिएस, दिएई : दिवस). तिसरा गट सर्वांत त्रासदायक, कारण त्यात प्रथमेवरून मूळ अंग (ज्याला प्रत्यय लागतात तो भाग) कळतच नाही. ‘ओस’ म्हणजे तोंड आणि ‘ओस’ म्हणजे हाडही. स्वराची लांबी वेगळी असली तरी छापील पानावर दोन्ही सहसा सारखेच दिसतात. षष्ठी पाहिली की एकाचे ‘ओरिस’ होते, दुसऱ्याचे ‘ओस्सिस’, आणि पुढची सर्व रूपे त्याच अंगांवरून बनतात. ‘भाऊ’चे ‘भावा’ आणि ‘पाणी’चे ‘पाण्या’ एकदा कळले की पुढे -ला, -ने, -त लावायला अडचण येत नाही, इथेही तसेच.

तोंडावाटे द्यायच्या औषधासाठी ‘पेर ओस’ लिहितात, त्यातील ‘ओस’ हा या दोहोंपैकी पहिला, म्हणजे तोंड. ‘पेर’ला द्वितीया लागते, तरी ‘ओस’ बदललेला नाही, कारण नपुंसकलिंगी नामाची प्रथमा आणि द्वितीया लॅटिनमध्ये नेहमी एकच असते.

आता ‘एच.एस.’, म्हणजे ‘होरा सोम्नी’. ‘सोम्नी’ ही ‘सोम्नुस’ची (झोप) षष्ठी; ‘होरा’ (वेळ) ॲब्लेटिव्हमध्ये आहे आणि त्यातील शेवटचा ‘आ’ दीर्घ आहे : झोपेच्या वेळी. ‘बी.आय.डी.’ म्हणजे ‘बिस इन दिए’, दिवसातून दोनदा. ‘दिए’ हाही ‘दिएस’चा ॲब्लेटिव्हच. ‘इन’कडे मात्र लक्ष असू द्या. त्याला दोन्ही विभक्ती चालतात, पण अर्थ बदलतो : ‘इन आक्वा’ (ॲब्लेटिव्ह) म्हणजे पाण्यात असलेले आणि ‘इन आक्वाम’ (द्वितीया) म्हणजे पाण्यात टाकायचे. मराठीत दोन्हीकडे ‘पाण्यात’च येते, भेद क्रियापदावरून कळतो.

कन्नडचा आधार मात्र जपून घ्या. ‘मनेगे’ म्हणजे घराला आणि ‘मनेगळिगे’ म्हणजे घरांना. तिथे अनेकवचनाचा ‘गळु’ वेगळा दिसतो आणि ‘गे’ जसाच्या तसा राहतो. लॅटिनमध्ये वचन आणि विभक्ती एकाच प्रत्ययात मिसळलेली असतात. ‘आक्वाम’मधील द्वितीया वेगळी काढून अनेकवचनाला जोडता येत नाही, तिथे ‘आक्वास’ असे वेगळेच रूप येते.

तेव्हा पहिले दोन गट पूर्ण आणि तिसऱ्यातील षष्ठी एवढे आधी पक्के करा. चौथ्या-पाचव्यातील ‘मानुस’, ‘दिएस’ अशी मोजकी नामे तुमच्या कामाला पुरतील.

प्रश्न : संस्कृतच्या आठ विभक्ती मला मुखोद्गत आहेत. लॅटिनमध्ये सहाच सांगतात. मग उरलेल्या दोन कुठे गेल्या?
— एक निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : तृतीया आणि सप्तमी पंचमीत विलीन झाल्या, आणि त्या तिघींचे मिळून झाले ते ॲब्लेटिव्ह. ग्रीकमध्ये ही विभक्ती नसल्याने रोमन पंडित वॅरो (इ.स.पू. 116–27) हिला ‘सहावी’ किंवा ‘लॅटिन’ विभक्ती म्हणत असे. सप्तमी मात्र पूर्णपणे नाहीशी झाली नाही. गावांच्या नावांत आणि ‘दोमी’ (घरी), ‘रूरी’ (खेड्यात) अशा थोड्या शब्दांत ती टिकून आहे. निपाणीच्या स्टँडवर आपण ‘बेळगावला’, ‘बेळगावहून’, ‘बेळगावात’ म्हणतो, तसे रोमन माणूस कोणतेही अव्यय न लावता ‘रोमाम’, ‘रोमा’ (शेवटचा ‘आ’ दीर्घ) आणि ‘रोमाए’ म्हणत असे.

आपल्याला एक गोष्ट ओळखीची वाटेल. संस्कृतात चतुर्थी आणि पंचमी यांचे अनेकवचन एकच असते : रामेभ्यः, रामेभ्यः. लॅटिनमध्येही डेटिव्ह (चतुर्थी) आणि ॲब्लेटिव्ह यांचे अनेकवचन नेहमी एकच असते. ‘रेक्स’ म्हणजे राजा, त्याचे दोन्हीकडे ‘रेगिबुस’ होते, आणि त्यातील ‘-बुस’ हा आपल्या ‘-भ्यः’चा सगोत्र आहे.