‘राष्ट्रपती’चं स्त्रीलिंग

प्रश्न असा आला आहे : “मुलीने निबंधात लिहिलं, ‘द्रौपदी मुर्मू या भारताच्या राष्ट्रपती आहेत.’ ‘पती’ हा शब्द स्त्रीला कसा चालेल? ‘राष्ट्राध्यक्षा’ कर असं सांगू का?”

नका सांगू. मुलीचं वाक्य अगदी बरोबर आहे.

हा प्रश्न पहिल्यांदा जोरात गाजला तो 2007 साली, प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं, की ज्या बाईंच्या निमित्ताने वाद झाला त्यांची कारकीर्द नीट पाहिली असती तर तो झालाच नसता. 1962 साली जळगावातून त्या विधानसभेत गेल्या, मग एदलाबाद, म्हणजे आजचं मुक्ताईनगर, त्यांना सलग निवडून देत राहिलं. त्या उपमंत्री झाल्या, मंत्री झाल्या, 1979 मध्ये विरोधी पक्षनेत्या झाल्या. (संस्कृतप्रमाणे ‘नेत्री’ व्हायला हवं. मराठीने ‘अभिनेत्री’ ठेवली, पण राजकारणात ‘नेत्या’च रुळवलं.) 1986 मध्ये त्या राज्यसभेच्या उपसभापती झाल्या. उपसभापती! या शब्दातही तोच ‘पती’ आहे. तेव्हा ‘उपसभापत्नी’ म्हणायचं का, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. पुढे अमरावतीच्या खासदार, राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल आणि मग राष्ट्रपती. आणि प्रतिभाताईंचंच कशाला, आपल्या तालुक्याच्या पंचायत समितीत बाई निवडून आली की पाटीवर ‘सभापती’ असंच लिहितात आणि लोक ‘सभापतीताई’ म्हणून हाक मारतात. मराठीने हा प्रश्न गावपातळीवर कधीच सोडवलेला आहे.

आता ‘पती’कडे येऊ. परंपरेने त्याची व्युत्पत्ती ‘पा’ म्हणजे रक्षण करणे या धातूपासून देतात. सेनापती, कुलपती, गणपती, लखपती : यांपैकी कुणीही कुणाचा नवरा नाही. ‘नवरा’ हा त्या शब्दाचा एक अर्थ, एकमेव अर्थ नव्हे.

याहून सुंदर गोष्ट पाणिनीकडे आहे. त्याचं एक सूत्र आहे, ‘विभाषा सपूर्वस्य’. ‘पति’च्या आधी दुसरं पद असेल तर स्त्रीलिंगी ‘पत्नी’ करणं ऐच्छिक आहे, असा त्याचा आशय. व्याकरणकार उदाहरण देतात ते ‘गृहपति’चं : स्त्रीलाही ‘गृहपतिः’ म्हणा किंवा ‘गृहपत्नी’ म्हणा, दोन्ही शुद्ध. म्हणजे स्त्रीला ‘राष्ट्रपति’ म्हणायची मुभा पाणिनीनेच देऊन ठेवली आहे. हे सूत्र पहिल्यांदा समजलं तो आनंद मी विसरलेलो नाही.

मग ‘राष्ट्रपत्नी’ही शुद्धच की, असं कुणी म्हणेल. संस्कृतात असेल. पण आपल्या कानाला ‘पत्नी’ म्हणजे फक्त बायको, आणि शब्द जिथे ऐकला जातो तिथलाच अर्थ घेऊन चालतो. जुलै 2022 मध्ये एका खासदाराने मुर्मू यांना ‘राष्ट्रपत्नी’ म्हटलं, लोकसभेत गदारोळ झाला आणि त्यांना लेखी माफी मागावी लागली. रायरंगपूरच्या नगरसेविकेपासून ओडिशाच्या मंत्री, झारखंडच्या राज्यपाल असा टप्प्याटप्प्याने वर आलेल्या बाईंना तो शब्द लागला असेल तर नवल नाही.

‘राष्ट्राध्यक्षा’ चुकीचा नाही, पण मराठीत ‘राष्ट्राध्यक्ष’ आपण अमेरिका, फ्रान्स अशा परदेशांसाठी राखून ठेवला आहे. आपल्या पदाचं नाव संविधानाच्या हिंदी पाठात ‘राष्ट्रपति’ आहे, आणि पद स्त्रीकडे गेलं म्हणून त्याचं नाव बदलत नाही. तसा हा शब्द स्वातंत्र्याआधीपासूनचा, तेव्हा काँग्रेसच्या अध्यक्षाला तो लावत. नेहरूंनी 1937 मध्ये ‘चाणक्य’ या टोपणनावाने स्वतःवरच टीका करणारा लेख लिहिला, त्याचा मथळा ‘राष्ट्रपती’ होता.

मराठीत लिंग नामाच्या रूपातून कळलंच पाहिजे असं नाही, क्रियापद ते काम करतं. ‘राष्ट्रपती आले’, ‘राष्ट्रपती आल्या’. बाकी रूपं तीच : राष्ट्रपतींनी, राष्ट्रपतींना. मात्र ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. सुटा शब्द मराठीत दीर्घ, ‘राष्ट्रपती’. समासात आधी आला की ऱ्हस्व, ‘राष्ट्रपतिपद’, ‘राष्ट्रपतिभवन’. मुलीच्या निबंधात पुढे ‘राष्ट्रपतीपद’ असं आलं असेल, तर लाल शाई तिथे वापरा.

‘महिला राष्ट्रपती’ हा प्रयोग मात्र ‘पहिल्या महिला राष्ट्रपती’ अशा, खरोखर गरज असलेल्या वाक्यातच करावा. ‘महिला राष्ट्रपती आज नागपुरात’ असं लिहू नये. ‘पुरुष राष्ट्रपती’ आपण कधी लिहिलं नाही.