स्टार्ट, बिगिन की कमेन्स? अर्थापेक्षा शब्दाची संगत बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसच्या ई-मेलमध्ये तुम्ही थिसॉरसमधून, म्हणजे जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र देणाऱ्या कोशातून, वजनदार शब्द शोधून घालता आणि साहेब ते खोडून साधे शब्द घालतात. अर्थ एकच असेल तर बिघडलं कुठे? नमुन्याला तीन वाक्यं दिली आहेत: 'वुई विल कमेन्स द मीटिंग ॲट फोर', 'द न्यू सॉफ्टवेअर कॉज्ड अ लार्ज इम्प्रूव्हमेंट' आणि सहकाऱ्याच्या वडिलांबद्दलचं 'हिज फादर एक्स्पायर्ड यस्टर्डे'. मराठी माणसांनी लिहिलेली इंग्रजी पत्रं आणि अहवाल तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे तिन्ही वाक्यं चांगलीच ओळखीची आहेत. व्याकरणात एकाचंही चुकलेलं नाही. तरी मी साहेबांच्या बाजूचा.

आधी थिसॉरसबद्दल. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी १८५२ मध्ये आपला थिसॉरस प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात कोशासारखे अर्थ दिलेच नव्हते. कल्पनांनुसार शब्दांचे गट पाडले होते. शब्द माहीत आहे पण ऐन वेळी आठवत नाही, अशा माणसाची ती सोय. मुळात शब्दच ओळखीचा नसताना तिथून उचलणं म्हणजे लग्नात कोणालाही नुसत्या फेट्यावरून नवऱ्याकडचा समजण्यासारखं आहे.

इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-तीन शब्द का, याचं मोठं कारण इतिहासात सापडतं. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढे बराच काळ दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये आणि विद्वानांत लॅटिन, आणि घराघरांत इंग्रजी अशी वाटणी राहिली. आस्क घरचा, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, इंटरॉगेट लॅटिनमधला. आई आस्क करते, वकील साक्षीदाराला क्वेश्चन करतो, पोलीस इंटरॉगेट करतात. हे थर मराठी माणसाला नवे नाहीत. आपल्याकडे घर आणि गृह, दूध आणि दुग्ध, सुरुवात आणि प्रारंभ आहेतच. संमेलनाला प्रारंभ होतो. 'भांडणाला प्रारंभ झाला' असं कोणी लिहिलं की आपण हसतो. तुमच्या मीटिंगच्या वाक्यात इंग्रजी वाचणाऱ्याला नेमकं तेच होतं.

कमेन्सचं घर कायद्यात आणि समारंभात आहे. आपल्याकडच्या कायद्यांचं पहिलं कलम उघडून बघा, शीर्षकात बहुधा 'शॉर्ट टायटल, एक्स्टेंट अँड कमेन्समेंट' असं दिसेल. तिथे तो शोभतो. चार वाजताच्या मीटिंगला स्टार्ट किंवा बिगिन पुरे. या दोघांतला फरक बारीक आहे. स्टार्ट मुळात दचकून उसळण्याचा शब्द. स्टार्टल त्याचाच भाऊबंद. म्हणून थांबलेली वस्तू हलते तिथे तो हवाच: इंजिन स्टार्ट होतं, बिगिन होत नाही. बाकी बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात, त्यावर वेळ घालवू नका.

दुसरं वाक्य जास्त मजेशीर आहे, कारण त्यातली अडचण कोशातल्या अर्थात दिसत नाही. कॉज म्हणजे कारण होणं, बरोबर. पण इंग्रजी लिहिणारे कॉजपुढे काय जोडतात ते बघा: डॅमेज, डिले, पेन, कन्सर्न, डेथ. बहुतेक सगळं वाईटच. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या लिखाणाचा प्रचंड साठा संगणकात भरून शब्दांचे शेजारी तपासले आणि १९८७ मध्ये त्यावरून कोबिल्ड हा शब्दकोश काढला. शब्दांना अशी चांगली-वाईट संगत असते, हे त्या पद्धतीने स्पष्ट दिसू लागलं. मराठीत ओढवणे घ्या. संकट ओढवतं, मृत्यू ओढवतो. बढती ओढवली असं आपण फक्त खवचटपणे म्हणतो. उलट लाभणे: दीर्घायुष्य लाभतं, कावीळ लाभत नाही. (जडणे मात्र बघा, व्यसन जडतं, आजार जडतो आणि प्रेमही जडतं. भाषा करणाऱ्यांना बरंच काही माहीत होतं.) तेव्हा सॉफ्टवेअरने सुधारणा कॉज केली असं वाचलं की वाचणाऱ्याला क्षणभर शंका येते की ही सुधारणा आहे की बिघाड. 'लेड टू' लिहा, किंवा सरळ 'इम्प्रूव्ह्ड' हे क्रियापद घेऊन काय सुधारलं ते सांगा.

त्याच वाक्यातला लार्ज. मोजता येतं तिथे तो बसतो: लार्ज नंबर, लार्ज अमाउंट. चूक, निर्णय, फरक, सुधारणा यांना बिग. काळजी, अडचण, आदर अशा न दिसणाऱ्या गोष्टींना ग्रेट. याला नियम म्हणवत नाही, पण दहांतल्या आठ वेळा हात देतो. आपल्याकडच्या बारमध्ये लार्ज म्हणजे ६० मिली, तिथे मोजमाप आहेच.

आता तिसरं, आणि इथे मराठी माणूस हमखास फसतो. मराठीत मरण्याच्या शब्दांची उतरंड फार कडक आहे. मेला म्हटलं तर अपमान, वारले घरगुती, निधन झालं सभ्य, देवाज्ञा झाली जुन्या वळणाचं. त्यामुळे इंग्रजी लिहितानाही मन साधा शब्द टाळतं, डाइड म्हणजे 'मेला' असं वाटतं आणि आपण एक्स्पायर्ड किंवा सॅड डिमाइजकडे वळतो. पण इंग्रजीत डाइड या शब्दात अजिबात उद्धटपणा नाही. तिथली मोठमोठी वर्तमानपत्रं राष्ट्राध्यक्षाबद्दलही डाइड एवढंच छापतात. मऊ हवं असेल तर पास्ड अवे आहे. एक्स्पायर हा मुळात शेवटचा श्वास सोडण्याचाच शब्द, पण आज त्या लोकांच्या डोक्यात पासपोर्ट, लायसन्स आणि दुधाची पिशवी येते. भारतातल्या भारतात एक्स्पायर्ड लिहिलंत तर कोणी वावगं समजणार नाही, आपल्याकडे तो रूढच आहे. मेल लंडनच्या क्लायंटला जाणार असेल तर मात्र बदला. एका भाषेतला सभ्यपणा दुसरीत त्याच पायरीवर सापडेलच असं नाही, आणि थिसॉरस पायऱ्या दाखवत नाही.

पायऱ्यांवर आणखी एक गंमत. तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर एक क्रियापद चालवून दाखवलं होतं, त्याचा आशय असा: मी ठाम आहे, तुम्ही हट्टी आहात, तो हेकेखोर मूर्ख आहे. गुण तोच, फक्त बोलणारा कोणाच्या बाजूचा ते शब्दातून कळतं. बायोडेटात स्वतःला स्टबर्न म्हणवणारे अर्ज मी पाहिले आहेत. त्यांना परसिस्टंट म्हणायचं होतं.

हे तपासायचं कसं? ऑक्सफर्ड, लाँगमन, केंब्रिज यांचे परक्या विद्यार्थ्यांसाठीचे कोश ऑनलाइन फुकट आहेत. त्यात अर्थ वाचून थांबू नका, उदाहरणं वाचा. शब्द फॉर्मल असेल तर तशी खूणही असते. थोडा उत्साह असेल तर ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा खऱ्या इंग्रजीचा सुमारे १० कोटी शब्दांचा साठा आहे; शब्द टाका आणि मागेपुढे कोण येतं ते पाहा. गुगलने दाखवलेल्या लाखो निकालांच्या आकड्यावर मी तरी विसंबत नाही, त्यात आपल्यासारख्यांची वाक्यंही असतात.

शेवटचं म्हणजे, शाळेत आपल्याला निबंधात तोच शब्द पुन्हा वापरू नका असं बजावलेलं असतं. ऑफिसच्या इंग्रजीत ते विसरा. पहिल्या ओळीत कस्टमर, दुसरीत क्लायंट आणि तिसरीत बायर लिहिलंत, तर वाचणारा तीन वेगळ्या पार्ट्या धरून चालेल. आणि तो कागद करार असेल तर समोरचा वकील त्या तिघांना वेगवेगळं धरून भांडेलसुद्धा. कस्टमर असेल तर शेवटपर्यंत कस्टमरच ठेवा.