हनी गुरामी सारखे वर का येतात?

प्रश्न : महिन्यापूर्वी दोन फुटी टाकी आणली आणि त्याच दिवशी सहा हनी गुरामी सोडले. दर रविवारी सगळं पाणी काढून टाकी, खडे आणि स्पंज फिल्टर नळाखाली स्वच्छ धुते. तरी तीन मासे गेले. उरलेले सारखे वर येऊन हवा घेतात, म्हणून एअर पंप पूर्ण जोरात ठेवलाय. लेक विचारते, हे तिघं जगतील ना? (एक वाचक, सांगली)

उत्तर : जगतील अशी आशा आहे, लेकीला सांगा. मात्र येत्या रविवारी टाकी धुऊ नका.

आधी हवेचं. गुरामीला कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवेतून श्वास घेण्यासाठी वेगळं इंद्रिय असतं. मासा सावकाश वर आला, घोटभर हवा घेतली आणि खाली जाऊन पानांमध्ये फिरू लागला, तर काळजी नको. पण तो वरच लटकून राहिला, कल्ले भराभर हलताहेत, पर मिटलेले आहेत, तर पाणी बिघडलंय. तुमचे मासे यातलं काय करतात, ते दहा मिनिटं टाकीसमोर बसून बघा.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी असतो. तो पचवणारे जिवाणू स्पंजवर आणि खड्यांवर वाढतात. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज धुतला की ती मरते. तुमच्याकडे दर रविवारी नेमकं हेच झालं. मीही पहिल्या वर्षी असाच स्पंज नळाखाली पिळला होता आणि आठवड्यात पाच मासे गमावले. ती रिकामी टाकी अजून डोळ्यांसमोर येते.

आजच पाव टाकी पाणी बदला. नवीन पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि ते टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट असू द्या. स्पंज फारच तुंबला तरच, काढलेल्या जुन्या पाण्यात हलकेच पिळा. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच, चिमटीत चुरून. अमोनिया आणि नायट्राइट (जिवाणू अमोनिया पचवताना तयार होणारं, तेही विषारीच) तपासायचं किट आणा. दोन्ही शून्यावर येऊन टिकेपर्यंत नवा मासा आणू नका.

पंपाचा जोर कमी करा. हा मासा बंगाल, आसाम, बांगलादेशातल्या संथ, झाडोऱ्याच्या पाण्यातला. स्कॉटिश निसर्गअभ्यासक फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांचं वर्णन करताना त्याची शास्त्रीय नोंद केली. जेमतेम दोन इंचांचा, बुजरा जीव. पोटाखालच्या दोन लांब धाग्यांनी तो समोरची वस्तू चाचपून बघतो. जोराच्या प्रवाहात तो दमतो. पाण्यावर तरंगणारी थोडी झाडं सोडा आणि झाकण ठेवा, म्हणजे थंडीच्या रात्री त्याला गार हवा घ्यावी लागणार नाही.

पाणी स्थिरावलं की नराचा रंग मधासारखा खुलतो, गळ्यापासून पोटापर्यंत निळसर काळा पट्टा येतो आणि तो त्या पानांखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो. लेकीला ते जरूर दाखवा.

किटवर अमोनियाचा आकडा काय येतो, तेवढं मात्र लगेच कळवा.