पावसाळा लागला की जीव घाबरा होतो, ॲक्युप्रेशर आणि आयुर्वेदातलं घरी काय करता येईल?

आधी मनगट. तळव्यालगतच्या सुरकुतीपासून कोपराच्या दिशेने दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा. मूठ आवळली की दोन दोरीसारख्या कंडरा उठून दिसतात. तिसऱ्या बोटाच्या कडेशी, त्या दोघींच्या मधला खळगा म्हणजे पी-६ बिंदू. मूठ सैल सोडून अंगठ्याच्या पेराने दोन मिनिटं दाबा, श्वास सोडताना थोडं जास्त. मग दुसरा हात. नेहमीची चूक म्हणजे नख रुतवणं किंवा कंडरेवरच दाबणं. झिणझिण्या आल्या तर दाब कमी करा. (या बिंदूचा पुरावा मुख्यतः मळमळीसाठी आहे; घाबरेपणासाठी तो तोकडाच.)

आयुर्वेद वर्षा ऋतूत वाताचा प्रकोप मानतो, म्हणून ऊब आणि तेल. झोपण्याआधी दोन चमचे कोमट तिळाचं तेल तळपायांना लावून काशाच्या वाटीने पाच-पाच मिनिटं घासा. तळवे काळे पडतात, ते ‘विष निघालं’ म्हणून नव्हे, तर धातू-तेलामुळे. नीट पुसा, नाहीतर ओल्या फरशीवर घसराल. रात्री गरम मुगाचं कढण घ्या, दुपारनंतरचा चहा सोडा.

अश्वगंधा मनाने सुरू करू नका: थायरॉईडच्या गोळ्या, यकृताचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर मुळीच नाही. छातीत दुखत असेल तर मनगट दाबत बसू नका, थेट दवाखाना गाठा. दोन आठवडे झोपच नसेल तरी डॉक्टरांना दाखवा.