ऊसाइटवर (बेडकाच्या अंडपेशीवर) दोन इलेक्ट्रोडनी व्होल्टेज क्लॅम्प करताना, म्हणजे पेशीपटलावरचं व्होल्टेज ठरवलेल्या पातळीवर धरून ठेवताना, गेन (फीडबॅकचा जोर) वाढवला की ऑसिलेशन (व्होल्टेजची थरथर) सुरू होतं, कमी केला की स्टेप (व्होल्टेजची दिलेली उडी) आळसावल्यासारखी चढते. काय करू?

गेनच्या नॉबला तूर्त हात लावू नका. दोन इलेक्ट्रोडपैकी एक व्होल्टेज मोजतो, दुसरा करंट सोडतो. आधी हा करंट सोडणारा इलेक्ट्रोड तपासा; माझा पहिला संशय कायम त्याच्यावरच असतो.

हिशेब मांडून बघा. झेनोपस बेडकाच्या पूर्ण वाढलेल्या ऊसाइटचा व्यास सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर, पण पेशीपटल घड्यांनी भरलेलं, त्यामुळे कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता) 200 नॅनोफॅरडच्या आसपास. -80 वरून +20 मिलिव्होल्टवर न्यायचं म्हणजे 20 नॅनोकूलोम चार्ज ओतायचा. 1 मिलिसेकंदात ओतायचा तर सरासरी 20 मायक्रोअँपिअर हवेत, आणि इलेक्ट्रोड 1 मेगोहमचा असेल तर 20 व्होल्ट त्याच्यातच खर्ची पडतात. हेच काम 0.1 मिलिसेकंदात मागितलंत तर 200 व्होल्ट! तेवढा जोर बहुतेक अँप्लिफायरमध्ये नसतो, मग गेन कितीही वाढवा. म्हणून मी करंटच्या पिपेटचं (इलेक्ट्रोडच्या काचेच्या नळीचं) टोक जरासं मोडून, 3 मोलर केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) भरून, रोध अर्ध्या मेगोहमच्या आसपास आणते. जास्त मोडलंत तर पेशी गळते. व्होल्टेजची पिपेट 1 मेगोहमची चालते.

आता ऑसिलेशन. करंट इलेक्ट्रोडवरचे हे मोठे व्होल्टेज कपॅसिटिव्ह कपलिंगने शेजारच्या इलेक्ट्रोडमध्ये झिरपतात आणि फीडबॅक बिथरतो. दोन्ही इलेक्ट्रोड समोरासमोरून, मोठ्या कोनात आणा, मध्ये ग्राउंड केलेला धातूचा पत्रा उभा करा, बाथमधलं द्रावण पेशी जेमतेम बुडेल इतकंच ठेवा. पत्रा द्रावणाला टेकू देऊ नका.

मग गेन. आधी मॉडेल सेलवर (पेशीची नक्कल करणाऱ्या सर्किटवर) हात बसवा. पेशीवर -60 ला धरून 10 मिलिव्होल्टच्या छोट्या स्टेप देत राहा आणि स्कोपवर व्होल्टेज इलेक्ट्रोडने मोजलेला ट्रेस लावा. कमांडचा (मागितलेल्या व्होल्टेजचा) ट्रेस कायम देखणाच दिसतो, त्याला पेशीशी देणंघेणं नसतं. स्टेपच्या कोपऱ्यावर थरथर दिसली की गेन थोडा मागे घ्या. पेशी बदलली की हे पुन्हा करा. जोरदार ऑसिलेशन चालू राहिलं तर पेशी काही क्षणांत मरते, तेव्हा बोट क्लॅम्प बंद करायच्या बटणावर असू द्या.

करंट खूप मोठे असतील तर ट्यूनिंग पुरत नाही. पेशीभोवतीच्या द्रावणाचा रोध दीडशे ओहम धरला तरी 20 मायक्रोअँपिअरला 3 मिलिव्होल्टची चूक होते. अशा वेळी पेशीत चॅनल बनवण्यासाठी टोचलं जाणारं आरएनए कमी टोचा, म्हणजे करंटही कमी होतील.